मेरीला लागलेली गोळी

‘गॉडफादर’च्या तिसऱ्या भागावर आजही तावातावाने भांडणाऱ्या तमाम मराठी सिनेप्रेमींना,



आपली ओळख असो वा नसो, आपलं भांडण मला पाठ आहे. पहिल्या चहाबरोबर डॉन व्हिटोच्या मुलीचं लग्न लागतं. दुसऱ्या चहाला दुसऱ्या भागातला तरुण व्हिटो, म्हणजे रॉबर्ट डी निरो, न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरून चालत जातो. मग कुणाच्या तरी तोंडून तिसऱ्या भागाचं नाव निघतं आणि सूरच बदलतो. ‘पार्ट थ्रीचं बोलूच नकोस,’ एक जण म्हणतो. ‘त्या पोरीनं माती केली,’ दुसरा म्हणतो. सगळ्यांच्या माना हलतात आणि विषय मिटतो.

हे पत्र त्या माना हलवणाऱ्यांसाठी आहे. जवळजवळ तीस वर्षं त्यांत माझीही मान होती.

ती पोरगी म्हणजे सोफिया कपोला, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांची लेक. ‘द गॉडफादर पार्ट थ्री’ २५ डिसेंबर १९९० रोजी अमेरिकेत लागला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि चित्रीकरण सुरू होताना अठराची. तिने मायकेल कॉर्लिओनीच्या मुलीचं, मेरीचं काम केलं होतं. त्या कामासाठी वर्षातल्या सर्वांत वाईट सिनेमांना दिले जाणारे दोन ‘रॅझी’ तिच्या माथी मारले गेले. एक सर्वांत वाईट सहायक अभिनेत्रीचा, दुसरा सर्वांत वाईट नवोदिताचा.

मी तो सिनेमा १९९२ साली सांगलीत पाहिला. मित्राच्या घराची माडी, एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि कितव्यांदा कॉपी झालेली कुणास ठाऊक अशी कॅसेट. पडद्यावर मुंग्या येत होत्या, इंग्रजी संवाद निम्मे डोक्यावरून जात होते. सिनेमाच्या शेवटी ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर मेरीला गोळी लागते, ती बापाला हाक मारते आणि गुडघ्यांवर कोसळते. तिथे आम्ही सहाही जण हसलो. संवाद कळत नसताना तिचा अभिनय वाईट आहे हे आम्हाला कसं कळलं? आमच्यातल्या एकाने कुठल्याशा इंग्रजी मासिकात तसं वाचलं होतं. तिला पाहण्याआधीच आमचा निकाल लागलेला होता.

त्या हसण्याबद्दल मला आता बोलायचं आहे. त्यासाठी आधी तो सिनेमा कसा बनला ते नीट आठवू या.

पहिला भाग १९७२चा, दुसरा १९७४चा. दोघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, आणि पुढच्या भागाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. कपोलांना तिसरा भाग करायचाच नव्हता. पॅरामाउंट स्टुडिओ वर्षानुवर्षं मागे लागला होता आणि ते नाही म्हणत होते. पण १९८२ साली त्यांचा ‘वन फ्रॉम द हार्ट’ बुडाला, स्वतःचा पैसा त्यात गेला आणि पुढची कित्येक वर्षं कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही. शेवटी ते हो म्हणाले. त्यांनी आणि मूळ कादंबरीचे लेखक मारिओ पुझो यांनी पटकथेसाठी सहा महिने मागितले. त्यांना सहा आठवडे मिळाले, कारण सिनेमा १९९०च्या नाताळात लागायचा हे ठरलेलं होतं.

दोघांना सिनेमाचं नाव ‘मायकेल कॉर्लिओनीचा मृत्यू’ असं ठेवायचं होतं. ते स्टुडिओला पसंत नव्हतं. स्टुडिओला दुकानाची तीच जुनी पाटी हवी होती, फक्त पुढे ‘तीन’ लिहिलेली. टॉम हेगनचं काम करणारे रॉबर्ट ड्युव्हाल बाहेर पडले, कारण अल पचिनोला त्यांच्या कितीतरी पट मानधन मिळणार होतं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. टॉम हेगन म्हणजे कॉर्लिओनी घराचा मानलेला मुलगा, वकील आणि मायकेलचा एकुलता एक साक्षीदार. तो गेला आणि कथेचा एक खांबच निखळला. जे उरलं त्यात व्हॅटिकनची बँक, जमीनजुमल्याची एक अवाढव्य कंपनी आणि पोपचा अचानक मृत्यू असा गुंता होता. कोणाचे पैसे कोणाकडे चाललेत, हे दोनदा पाहूनही मला सांगता येत नाही. भरीस भर म्हणजे त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, मार्टिन स्कॉर्सेसींचा ‘गुडफेलाज’ आला होता. गुन्हेगारांच्या जगाची इतकी वेगळी, इतकी धावती चित्रभाषा पाहून प्रेक्षक घरी गेले होते. तीनच महिन्यांत त्यांच्यापुढे संथ, भारदस्त, पश्चात्तापाने वाकलेला म्हातारा मायकेल उभा राहिला.

हे सगळं घडलं त्यात सोफियाचा हात कुठे होता?

मेरीचं काम विनोना रायडर करणार होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर ती रोमला पोचली ती आजारी होऊनच. एकामागोमाग एक सिनेमे करून तिच्या अंगातली ताकद संपली होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तंबू ठोकलेला, शेकडो माणसं थांबलेली, प्रत्येक दिवसाचा खर्च चालू. स्टुडिओला कुणीतरी सराईत नटी हवी होती. कपोलांना ते पटलं नाही. मेरी लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपलीच मुलगी होती. त्यांनी सोफियाला उभं केलं. पहिल्या भागात बाप्तिस्म्याच्या प्रसंगातलं तान्हं बाळ तीच होती, अशी तिची ‘गॉडफादर’मधली पुण्याई. बापाची अडचण पाहून अठरा वर्षांची मुलगी हो म्हणाली.

तिचं काम चांगलं झालं, असा माझा दावा नाही. काही प्रसंगांत तिचं बोलणं सपाट आहे. आवाज कॅलिफोर्नियाच्या मुलीचा आहे, न्यूयॉर्कच्या माफिया घराण्यातल्या लेकीचा नाही. पचिनो आणि डायन कीटन यांच्यामध्ये उभी राहिली की तिला हातांचं काय करावं ते सुचत नाही. हे सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते बोलायचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे. पण ‘तिचं काम कच्चं आहे’ आणि ‘तिच्यामुळे पिक्चर पडला’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं निरीक्षण आहे. दुसरं खापर आहे.

आणि पिक्चर खरं तर पडलाही नव्हता. सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरला बनलेल्या या सिनेमाने जगभरात १३ कोटी डॉलरहून जास्त कमावले. ऑस्करची सात नामांकनं त्याला होती, एकही पुरस्कार मिळाला नाही. पडल्या त्या आपल्या अपेक्षा. दोन भागांनी आपल्या मनात जे देऊळ बांधलं होतं, त्याला कळस चढला नाही. अशा वेळी राग कुठेतरी काढावा लागतो, आणि राग उताराकडे वाहतो. दिग्दर्शक थोर, पचिनो थोर, छायाचित्रकार गॉर्डन विलिस थोर. राहिली कोण? सगळ्यांत लहान, सगळ्यांत नवी, ऐन वेळी दारात आलेली मुलगी.

आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे. पांढऱ्या पायाची. नवी सून उंबरा ओलांडून आत आली आणि वर्षाच्या आत घरात काही वाईट झालं, की कर्ज कोणी काढलं, पेरणी का फसली, म्हातारा कधीपासून खोकत होता हे कोणी विचारायचं नाही. पाय तिचे पांढरे. पुरुषाच्या पायांचा रंग आपल्याकडे कधी पाहिलाच गेला नाही. रोममध्ये ऐन वेळी आलेल्या मुलीच्या बाबतीत अमेरिकी समीक्षकांनी केलं ते याहून वेगळं नव्हतं. रॉजर ईबर्ट यांच्यासारखे काही अपवाद होते, त्यांनी तिची बाजू घेतली. पण त्यांचा आवाज सांगलीच्या माडीपर्यंत पोचला नाही. कुचेष्टा पोचली.

‘वशिल्याने आली होती ती,’ हे तुमचं पुढचं वाक्य मला माहीत आहे. आली होतीच. पण मग त्याच सिनेमात कॉनीचं काम करणाऱ्या टालिया शायर कोण? कपोलांची सख्खी बहीण. संगीत देणारे कार्माइन कपोला कोण? त्यांचे वडील. कार्माइन यांना दुसऱ्या भागाच्या संगीतासाठी नीनो रोटांबरोबर ऑस्कर मिळालं होतं, टालिया शायर यांना त्याच भागासाठी नामांकन. कपोलांचा कारभार पहिल्यापासून एकत्र कुटुंबाचा आहे आणि त्याचं आपण कौतुकच करत आलो. वशिला आपल्याला बोचला तो फक्त त्या मुलीचा.

नंतर कोणाचं काय झालं तेही पाहा. पचिनोला दोनच वर्षांनी आलेल्या ‘सेंट ऑफ अ वुमन’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. कपोलांनी १९९२ साली ‘ड्रॅक्युला’ केला, तो चांगला चालला, आणि त्यात नायिका होती विनोना रायडर. पटकथाही तिनेच त्यांच्याकडे आणली होती. म्हणजे ज्याने निर्णय घेतले त्याला पुढचा सिनेमा मिळाला आणि जी येऊ शकली नाही तिलाही मिळाला. जी मदतीला धावून आली, तिचं नट म्हणून खातं जवळजवळ तिथेच बंद झालं. कपोलांनी पुढे एका मुलाखतीत बोलून दाखवलं, की पडद्यावर जी गोळी मायकेलसाठी होती ती मेरीला लागली, आणि टीकेची गोळी त्यांच्यासाठी होती ती त्यांच्या मुलीला लागली. बापाला ते कळलं होतं. आपल्याला कधी कळणार?

आता एक गोष्ट माझ्या घरची, म्हणजे माझ्या कॉलेजची.

तो सिनेमा पाहिला त्याच वर्षी आम्ही एका एकांकिका स्पर्धेत उतरलो होतो. संहिता माझी होती. नायिकेचं काम करणारी मुलगी प्रयोगाच्या चार दिवस आधी काविळीने पडली. नेपथ्याचं सामान सांभाळणारी पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. तालमींना रोज हजर असल्यामुळे तिला संवाद येत होते. ‘तू उभी राहा,’ आम्ही म्हणालो. ती घाबरली, पण नाही म्हणाली नाही. मी शेवटचा प्रवेश प्रयोगाच्या आदल्या रात्री लिहून संपवला. ती पानं तिच्या हातात पडली तेव्हा शाई पुरती वाळली नव्हती.

कोल्हापुरात प्रयोग झाला. मधे एकदा ती अडली. विंगेतून मी वाक्य सांगितलं, ते तिला ऐकू गेलं नाही. रंगमंचावर ती किती वेळ गप्प उभी होती कोण जाणे, मला तो एक तास वाटला. आम्हाला काहीच मिळालं नाही. परतीच्या टेम्पोत हातकणंगल्याच्या पुढे अंधारात कुणीतरी म्हणालं, ‘तिच्यामुळे गेलं.’ ती मागच्या बाजूला गुंडाळलेल्या पडद्यांवर बसली होती. तिने ते ऐकलं. परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी तो वाचलेला होता. मी काही बोललो नाही. ती पुन्हा तालमीच्या हॉलवर आली नाही, आणि ती का येत नाही असं आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही.

पांढऱ्या पायांचा हा खेळ फक्त हॉलिवूडमध्ये किंवा कॉलेजच्या टेम्पोत चालतो असं नाही. चेंबूरला वाढलेल्या विद्या बालनची सुरुवातीची गोष्ट तिने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. मोहनलालबरोबरचा तिचा पहिला मल्याळम सिनेमा ‘चक्रम’ मधेच बंद पडला. कारणं तिच्या हातातली नव्हती. पण ती अपशकुनी ठरली आणि दक्षिणेतले हातात असलेले सिनेमे एकामागून एक गेले. पुढे २००५ साली ‘परिणीता’ आला. २०१६मध्ये मराठी ‘एक अलबेला’त ती गीता बाली होऊन आपल्याकडे आली, तेव्हा आपण किती अभिमानाने टाळ्या वाजवल्या! पण त्या मधल्या वर्षांत ती आरशात पाहून काय विचार करत असेल, हे टाळ्या वाजवणाऱ्याने एकदा मनात आणून पाहावं.

२०२० सालच्या डिसेंबरात कपोलांनी तिसरा भाग नव्याने संकलित करून आणला. या वेळी त्याला पुझोंना आणि त्यांना मुळात हवं होतं ते नाव मिळालं, ‘मायकेल कॉर्लिओनीचा मृत्यू’. प्रसंगांची क्रमवारी बदलली, काही काटछाट झाली, शेवट वेगळा झाला. मी तो एकट्याने पाहिला, रात्री, घरातले झोपल्यावर. या वेळी पडद्यावर मुंग्या नव्हत्या आणि हसायला कोणी सोबत नव्हतं.

स्वयंपाकघरातला एक प्रसंग आहे. मेरी आणि तिचा चुलतभाऊ व्हिन्सेंट न्योकी वळत आहेत. बटाटा आणि मैद्याच्या पिठाचे छोटे गोळे बोटाने दाबून पुढे लोटायचे, की त्यांना खळगा पडतो. माझी आजी दुपारी ओसरीवर बसून गव्हले वळायची, तीच बोटांची चाल. व्हिन्सेंट तिच्या बोटावर आपलं बोट ठेवतो आणि कसं लोटायचं ते दाखवतो. व्हिन्सेंट झालेला अँडी गार्सिया कसलेला नट, आपण किती देखणे दिसतोय हे त्याला ठाऊक आहे. सोफियाला काहीच ठाऊक नाही. ती पिठाकडे पाहते, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पिठाकडे. तिच्या चेहऱ्यावर अभिनय नाही. आहे तो फक्त संकोच, आणि तो खरा आहे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कॉर्लिओनींच्या घरात प्रत्येक जण नाटक करतो. मायकेल पुण्यवान असल्याचं नाटक करतो, कॉनी दुबळी असल्याचं, व्हॅटिकनचा आर्चबिशप धर्मात्मा असल्याचं. व्हिन्सेंट ते शिकतो आहे. नाटक न येणारी एकच व्यक्ती त्या घरात आहे, ती मेरी. हीच एक गोष्ट निर्मळ राहावी म्हणून मायकेल आयुष्यभर धडपडतो. सराईत नटीने मेरी नक्कीच जास्त सफाईने केली असती. पण त्या घरात सफाई तर सगळ्यांकडेच होती.

आणि मग त्या पायऱ्या, पालेर्मोच्या तेआत्रो मास्सिमोच्या. मुलाच्या ऑपेराचा पहिला प्रयोग संपवून सगळे बाहेर येताहेत. मेरी बापाशी भांडते आहे, व्हिन्सेंटला माझ्यापासून का तोडलंस म्हणून. पाद्र्याच्या वेशातला मारेकरी गोळ्या झाडतो. मायकेलच्या खांद्याला लागते. मेरीला लागलेली आधी कोणाला दिसतच नाही. ती बापाकडे पाहते, एकच हाक मारते आणि खाली बसते. त्या हाकेत वेदना नाही, प्रश्न आहे. लहान मूल धडपडून पडलं की रडण्याआधी आईकडे पाहतं, काय झालं हे आईच्या चेहऱ्यावरून समजून घेण्यासाठी. तसं ती पाहते. मग पचिनोचं तोंड उघडतं आणि किती तरी वेळ त्यातून आवाजच येत नाही.

याच जागी आम्ही हसलो होतो.

‘पण तिचं काय वाईट झालं?’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. अभिनेत्री व्हायचं माझ्या मनात कधी नव्हतंच, असं ती स्वतः सांगते. ती कॅमेऱ्यामागे गेली. ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’ केला. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’च्या पटकथेसाठी २००४ साली तिला ऑस्कर मिळालं आणि दिग्दर्शनाचं नामांकन मिळवणारी ती पहिली अमेरिकी स्त्री ठरली. २०१०मध्ये ‘समव्हेअर’साठी व्हेनिसचा सुवर्णसिंह, २०१७मध्ये ‘द बिगाइल्ड’साठी कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार. तिच्या सिनेमांत हॉटेलच्या खोलीत, राजवाड्यात, मोठ्या घरात एकट्या बसलेल्या तरुण मुली पुन्हा पुन्हा दिसतात. सगळे त्यांच्याकडे पाहत असतात आणि कोणालाच त्या दिसत नाहीत. हे तिला कुठे उमगलं असेल याचा तर्क प्रत्येकाने करावा.

पण तिच्या यशाने आपली चूक धुऊन निघत नाही. ती उभी राहिली कारण तिच्या पाठीशी बापाचं नाव होतं, घर होतं, दुसरी वाट होती. ज्यांच्या पाठीशी यातलं काहीच नसतं त्यांचं काय?

व्हिएतनामी निर्वासितांची मुलगी केली मेरी ट्रॅन हिचं उदाहरण घ्या. २०१७च्या ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’मध्ये तिला रोझ टिकोची मोठी भूमिका मिळाली. त्या मालिकेत गोऱ्या नसलेल्या स्त्रीला एवढी मोठी भूमिका पहिल्यांदाच मिळत होती. सिनेमा अनेक चाहत्यांना आवडला नाही. ल्यूक स्कायवॉकर असा का वागतो, कथा अशी का वळते, हे त्यांचे प्रश्न होते आणि ते सगळे लेखक-दिग्दर्शक रायन जॉन्सन यांना विचारायचे होते. त्यातल्या कित्येकांनी शिव्या मात्र ट्रॅनला घातल्या, तिच्या वंशावरून आणि शरीरावरून. जून २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिने लिहिलं, की त्या लोकांचं म्हणणं हळूहळू मला स्वतःलाच पटू लागलं होतं. २०१९च्या पुढच्या भागात, २ तास २२ मिनिटांच्या सिनेमात, ती सव्वा मिनिटाच्या आसपास दिसली. दिवंगत अभिनेत्री कॅरी फिशर यांच्या जुन्या चित्रणाशी जोडलेले तिचे प्रसंग तांत्रिकदृष्ट्या जमले नाहीत, असं पटकथाकाराने सांगितलं. ते खरं असेलही. पण ज्यांनी तिला घालवायचा चंग बांधला होता, त्यांनी तो आपला विजय मानून साजरा केला.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगताना माझा हात जड होतो. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर नावाची एकवीस वर्षांची अभिनेत्री घरी होती. ‘गॉडफादर’च्या तिसऱ्या भागात मेरीच्याच भूमिकेसाठी तिची चाचणी व्हायची होती. दारावरची बेल वाजली म्हणून तिने दार उघडलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाने तिला गोळी घातली. तो तिचा चाहता होता. कित्येक वर्षं तिला पत्रं लिहिणारा, खासगी गुप्तहेराकडून तिचा पत्ता मिळवलेला. त्या हत्येनंतर कॅलिफोर्नियात पाठलागाविरुद्ध अमेरिकेतला पहिला कायदा झाला. तुम्ही-मी तसे नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. चहाच्या टेबलावरची कुचेष्टा म्हणजे बंदूक नव्हे. पण ‘चाहता’ या शब्दात ‘चाहणं’ आहे. पडद्यावरचं माणूस आपल्या मालकीचं आहे आणि ते आपल्या मनासारखं निघालं नाही तर त्याला शिक्षा करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं ज्या क्षणी वाटू लागतं, त्या क्षणी आपण चाहत्याची जागा सोडलेली असते.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. सिनेमावर भांडा. कडाडून भांडा, पदरच्या पैशाने तिकीट काढलंय. फसलेला पुढचा भाग गोड मानून घ्या असं मी म्हणणार नाही. आपण तर पुझोंची कादंबरी मराठीत वाचली आणि मुंबईच्या मातीतला ‘सरकार’ डोक्यावर घेतला. ‘सरकार ३’ फसला तेव्हा आपणच सगळ्यांत जास्त हळहळलो. ज्यावर जीव आहे त्याच्यावरच रागावता येतं. पण राग योग्य दारात न्या. पटकथेला किती वेळ मिळाला, तारीख कोणी ठरवली, पैसे कोणाला किती मिळाले, अठरा वर्षांच्या मुलीला त्या जागी कोणी उभं केलं, हे विचारा. एखादीचं काम कच्चं वाटलं तर कुठल्या प्रसंगात, कशामुळे, ते सांगा. तिच्या शरीरावर, तिच्या जन्मावर, तिच्या पायगुणावर बोलू नका. आणि ‘आता तिचं करिअर संपलं’ हे वाक्य तर उच्चारूच नका. पुरुष नटाचा सिनेमा फसला की आपण त्याच्या पुढच्या सिनेमाची वाट पाहतो. बाईचा फसला की तिच्या तेराव्याची तयारी करतो.

पुढच्या वेळी त्या टेबलावर कुणीतरी म्हणेल, ‘त्या पोरीनं माती केली.’ तेव्हा मान हलवण्याआधी त्याला एवढंच विचारा, ‘संहिता किती दिवसांत लिहिली होती?’

मला हे विचारायला तीस वर्षं लागली, कारण उत्तर माझ्या खिशात होतं. परीक्षकांच्या त्या कागदावर दोनच ओळी होत्या. विषय चांगला आहे, असं पहिल्या ओळीत होतं. शेवट घाईत उरकला आहे, असं दुसऱ्या ओळीत. त्या मुलीबद्दल तिथे एक शब्दही नव्हता.

आपला,
एक ‘गॉडफादर’वेडा